हिमनदीच्या बर्फात अडकलेली धूळ नेमकं काय सांगते

जुन्या बर्फावरचं काहीही वाचायला घेतलं की आधी हवेचे बुडबुडे येतात, मग त्यातला कार्बन डायऑक्साइड, मग तापमानाचा आलेख, आणि तिथेच विषय संपतो. त्याच बर्फात धूळही असते. खनिजांची धूळ, म्हणजे क्वार्ट्झ, फेल्डस्पार, चिकणमातीतली निरनिराळी खनिजं, कधी कॅल्साइट. तिच्याबद्दल इतकं कमी लिहिलं जातं याचं मला खरंच वाईट वाटतं. कार्बन डायऑक्साइड हवेत इतकी वर्षं टिकतो की जगभर जवळपास सारखा मिसळून जातो, म्हणून बुडबुडा सगळ्या पृथ्वीचा मिळून एक आकडा देतो. बारीक धूळ हवेत टिकते साधारण आठवडाभर. त्यामुळे ती कुठल्या जमिनीवरून उठली, कुठल्या वाऱ्यावर बसून आली, वाटेत पावसाने धुतली गेली का, या सगळ्याच्या खुणा तिच्यात राहतात. एखाद्या ठरावीक प्रदेशाचं काय चाललं होतं ते विचारायचं असेल तर धुळीलाच विचारावं लागतं.

पण ती वाचायला अवघड आहे, आणि बहुतेक लोक पहिल्याच पायरीवर फसतात. बर्फात धूळ जास्त सापडली म्हणजे तेव्हा वारा जोरात असणार, असं सरळ गणित मांडलं जातं. हे गणित चालत नाही, आणि ते का चालत नाही हे एकदा कळलं की बाकी सगळा विषय आपोआप उलगडत जातो.

आधी धूळ हवेत चढते कशी ते बघू. एकदम बारीक कण वाऱ्याने सहसा थेट उचलले जात नाहीत, ते एकमेकांना आणि जमिनीला घट्ट चिकटून बसलेले असतात. वारा आधी वाळूचे जाडसर कण हलवतो, ते उड्या मारत पुढे जातात, दर उडीला जमिनीवर आपटतात, आणि त्या दणक्याने बारीक कण सुटून वर जातात. म्हणजे नुसता वारा असून भागत नाही, जमीन कोरडी आणि उघडी पाहिजे, गवत-झुडपं नकोत, आणि बारीक गाळ तिथे आधीपासून पडलेला पाहिजे. एकदा कण वर गेले की पुढचं काम उफणणीसारखं चालतं, जड ते जवळ पडतं आणि हलकं ते लांब जातं. अंटार्क्टिकाच्या मध्यभागी पोचणारी धूळ बहुतेक २ मायक्रॉनच्या आसपासची असते, आणि आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून काय ते समजा.

बर्फावर उतरायचे रस्ते दोन. एक तर ढगात त्या कणावरच हिमाचा स्फटिक वाढतो किंवा पडणारं हिम वाटेतले कण गोळा करत खाली येतं. नाहीतर काहीच न पडता कण हळूहळू स्वतःच खाली बसतात. अंटार्क्टिकाच्या पूर्वेकडच्या पठारावर वर्षाला इतकं कमी हिम पडतं (वितळवलं तर जेमतेम ३ सेंटीमीटर पाणी होईल) की तिथे हा दुसरा रस्ता जास्त महत्त्वाचा ठरतो. मग त्यावर पुढच्या वर्षीचं हिम, त्यावर त्याच्या पुढच्या, असं दाबत दाबत साधारण ६० ते १०० मीटर खोलीवर त्याचा पक्का बर्फ होतो आणि धूळ आत बंद होते.

हा बर्फ ड्रिलने साधारण १० सेंटीमीटर जाडीच्या लांब कांड्यांच्या रूपात बाहेर काढतात, त्यालाच आइस कोअर म्हणतात. कांडी लॅबमध्ये आली की खरी कसरत सुरू होते. कारण आजच्या काळासारख्या उबदार काळातल्या अंटार्क्टिकाच्या बर्फात एका किलोमागे धूळ असते साधारण १५ मायक्रोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमच्या दहा लाख भागांपैकी फक्त १५ भाग, आणि माणसाच्या कपड्यांवरून, त्वचेवरून, साध्या खोलीतल्या हवेतून याच्यापेक्षा कितीतरी जास्त धूळ सहज पडू शकते. शिवाय ड्रिल करताना भोक मिटू नये म्हणून त्यात केरोसीनसारखा द्रव भरलेला असतो, तो कांडीच्या बाहेरच्या बाजूला लागलेला असतो. म्हणून अतिथंड खोलीत आधी बाहेरचा भाग कापून टाकतात, मग उरलेला तुकडा क्लीन रूममध्ये अतिशुद्ध पाण्याने एकदा, दोनदा, तीनदा धुतात. धुणं म्हणजे इथे बाहेरचा थर मुद्दाम वितळवून वाहून जाऊ देणं, म्हणजे हजारो वर्षं जपलेला आणि तीन किलोमीटर खोलातून काढलेला बर्फ डोळ्यांदेखत नाल्यात सोडायचा, आणि आतला जो स्वच्छ गाभा उरेल तेवढ्याचंच मोजमाप करायचं.

दुसरी पद्धत अशी की कांडीची लांब पट्टी उभी धरून गरम धातूच्या तबकडीवर ठेवतात. ती खालून हळूहळू वितळत जाते. तबकडीला दोन कप्पे असतात, आतल्या भागाचं पाणी एका नळीतून यंत्राकडे जातं आणि बाहेरच्या, मळलेल्या भागाचं पाणी वेगळं काढून टाकतात. त्यामुळे धूळ, कॅल्शियम, सोडियम, आम्लता हे सगळं एकाच वेळी, सलग, सेंटीमीटरच्या हिशोबाने मोजता येतं.

कण मोजायचं जुनं आणि अजूनही भरवशाचं यंत्र म्हणजे कूल्टर काउंटर. वॉलेस कूल्टर यांनी ते रक्तातल्या पेशी मोजायला बनवलं होतं, पेटंट १९५३ सालचं. वितळलेल्या पाण्यात थोडं शुद्ध मीठ घालतात म्हणजे त्यातून वीज जाते. मग ते पाणी काचेच्या नळीतल्या एका बारीक छिद्रातून ओढतात आणि छिद्राच्या दोन्ही बाजूंना इलेक्ट्रोड असतात. एखादा कण छिद्रातून गेला की तेवढ्या क्षणापुरती विजेची वाट अडते, आणि ती किती अडली यावरून कणाचं आकारमान कळतं. एक कण, एक झटका, एक आकडा. लेझरची यंत्रं जास्त वेगाने काम करतात, पण ती कणाची सावली मोजतात, आणि चिकणमातीचे कण चपट्या पापुद्र्यांसारखे असल्यामुळे तोच कण कुठल्या बाजूने दिसला यावर आकडा बदलतो. म्हणून बऱ्याचदा दोन्ही यंत्रांची उत्तरं शेजारी ठेवून बघतात.

आता त्या चुकीच्या गणिताकडे येऊ.

अंटार्क्टिकातल्या डोम सी या जागी युरोपातल्या देशांनी मिळून एपिका प्रकल्पात जो कोअर काढला, तो ८ लाख वर्षं मागे जातो. त्यात हिमयुगाच्या ऐन थंडीतल्या बर्फात किलोमागे धूळ भरते साधारण ७०० ते ८०० मायक्रोग्रॅम. १५ च्या शेजारी हा आकडा ठेवला की वाटतं पन्नासपट धूळ आली. तसं नाहीये. हिमयुगात हवा थंड आणि कोरडी असल्यामुळे तिथे हिमच आजच्या निम्म्याच्या आसपास पडायचं, म्हणजे तेवढीच धूळ निम्म्या बर्फात पसरली तरी दर किलोमागे दुप्पट दिसणार. म्हणून किलोमागे किती हे सोडून एक चौरस मीटर जागेवर एका वर्षात किती धूळ पडली हे काढतात, त्याला फ्लक्स म्हणतात. तो काढला की पन्नासपटीचे साधारण पंचवीसपट होतात. हेही प्रचंडच आहे, पण निम्मा फरक नुसत्या हिमाच्या कमतरतेचा होता, वाऱ्याचा त्याच्याशी काही संबंध नव्हता.

उरलेली पंचवीसपट तरी वाऱ्यामुळे का? एकट्या वाऱ्यामुळे नाहीच. हिमयुगात पाऊस कमी म्हणून वाटेत धूळ धुऊन खाली पडायचं प्रमाण कमी झालं आणि ती हवेत जास्त दिवस टिकली. झाडी कमी झाली, जमीन उघडी पडली. समुद्राची पातळी साधारण १२० मीटर खाली गेली होती, किनाऱ्यालगतचा समुद्रतळ काही भागांत कोरडा पडला. आणि हिमनद्या खडक दळून जो पीठासारखा गाळ तयार करतात तो त्यांच्या पुढ्यातल्या मैदानांवर पसरत होता. वारा या सगळ्यांच्या जोडीला आला. यातल्या कुणाचा किती हिस्सा हे नुसत्या धुळीच्या वजनावरून कधीच वेगळं काढता येणार नाही, माझ्या मते या विषयातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे.

मग कणांचा आकार मदतीला घेतात. जोराचा वारा जाड कण आणेल असं वाटतं, पण इथेही तसंच फसायला होतं. शेवटचं हिमयुग संपतानाचे कोअर बघितले तर डोम सी मध्ये हिमयुगातली धूळ नंतरच्यापेक्षा बारीक आहे आणि त्याच पठारावरच्या डोम बी मध्ये नेमकं उलटं, हिमयुगातली धूळ जाड. एकाच खंडावर, एकाच काळात. याचा अर्थ असा लावतात की धूळ किती उंचीवरून आणि किती दिवसांनी तिथे पोचली ते ठिकाणाप्रमाणे वेगळं होतं, जास्त वेळ हवेत राहिलेल्या धुळीतले जाड कण वाटेतच गळून जातात. म्हणजे आकार सांगतो तो प्रवासाबद्दल, उगमाला वारा किती होता याबद्दल फारसं नाही.

उगम शोधायला वेगळं हत्यार लागतं, आणि हा भाग मला सगळ्यात जास्त आवडतो. खडकांमध्ये रुबिडियम-८७ असतं, त्याचं अतिशय संथपणे स्ट्रॉन्शियम-८७ होतं. तसंच समेरियम-१४७ चं निओडिमियम-१४३ होतं. हे इतकं संथ आहे की रुबिडियम-८७ निम्मं व्हायला साधारण ४९ अब्ज वर्षं लागतात, पृथ्वीच्या वयाच्या दहापटीहून जास्त. त्यामुळे खडक किती जुना आहे आणि सुरुवातीला कशापासून बनला यावर त्याच्यातल्या या समस्थानिकांचं (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनांच्या अणूंचं) प्रमाण ठरतं, जुन्या खंडाच्या ग्रॅनाइटचं वेगळं आणि तरुण ज्वालामुखी खडकांचं वेगळं. खडक झिजला, त्याची धूळ झाली, ती हजारो किलोमीटर उडाली, तरी हे प्रमाण फारसं बदलत नाही. मग जगातल्या संभाव्य जागांवरची माती गोळा करायची, तीही त्याच बारीक आकाराची चाळून घ्यायची (कारण एकाच मातीतल्या जाड आणि बारीक कणांचं स्ट्रॉन्शियमचं प्रमाण वेगळं येऊ शकतं), आणि बर्फातल्या धुळीशी जुळवून बघायची.

असं जुळवल्यावर हिमयुगातली पूर्व अंटार्क्टिकाची धूळ मुख्यतः दक्षिण अमेरिकेच्या टोकाकडच्या भागातून, विशेषतः पॅटागोनियातून आली हे निघालं. ग्रीनलंडच्या हिमयुगातल्या धुळीबद्दल सहारावर बराच संशय होता, कारण सहारा सगळ्यात मोठा धुळीचा उगम. पण १९९० च्या दशकात जीआयएसपी-२ कोअरमधल्या धुळीची समस्थानिकं आणि चिकणमातीची खनिजं दोन्ही तपासली तेव्हा ती पूर्व आशियातल्या वाळवंटी भागाशी जुळली, सहाराशी नाही. चिकणमातीची खनिजं इथे कामाला येतात कारण केओलिनाइट उष्ण आणि दमट हवेत झिजलेल्या मातीत भरपूर असतं आणि क्लोराइट थंड प्रदेशातल्या मातीत जास्त टिकतं, म्हणजे दोघांचं एकमेकांशी प्रमाण बघितलं की माती कुठल्या अक्षांशावरची असावी याचा अंदाज येतो.

अर्थात याला धूळ पुरेशी लागते. हिमयुगातल्या बर्फात ती मिळते, पण उबदार काळातल्या बर्फात एका नमुन्यासाठी कितीतरी किलो बर्फ वितळवावा लागतो, आणि म्हणूनच त्या काळाचा उगम अजून वादात आहे, पॅटागोनियाच्या जोडीला ऑस्ट्रेलियाचंही नाव घेतलं जातं.

पॅटागोनियाचंच एक उदाहरण सांगतो, ज्यात वाऱ्याचं गणित पूर्ण कोसळतं. २००९ साली एका अभ्यासात अंटार्क्टिकातल्या धुळीचे चढउतार आणि पॅटागोनियातल्या हिमनद्यांचा इतिहास शेजारी ठेवून पाहिला गेला. हिमनद्या पुढे सरकून मोकळ्या मैदानांपर्यंत आलेल्या असायच्या तेव्हा त्यांचं पाणी गाळ घेऊन मैदानभर पसरायचं, गाळ वाळायचा, वारा तो उचलायचा आणि अंटार्क्टिकात धूळ वाढायची. हिमनद्या जरा मागे हटल्या की त्यांच्या पुढ्यात तळी तयार व्हायची आणि सगळा गाळ तळ्याच्या तळाशी बसायचा. वारा तसाच वाहत असला तरी उचलायला काही उरायचं नाही. धूळ बंद. म्हणजे तीन किलोमीटर खोल बर्फातल्या एका आलेखाची घसरण समजायला दुसऱ्या खंडावरची तळी बघावी लागली.

हिमालयाच्या बाजूला या धुळीने एक फार गंभीर गोष्ट नोंदवून ठेवली आहे. अमेरिकी हिमनदीतज्ज्ञ लॉनी थॉम्पसन यांच्या टीमने १९९७ साली तिबेटमध्ये शिशापांगमा शिखराजवळच्या दासुओपू हिमनदीवर, साधारण ७२०० मीटर उंचीवर कोअर काढले. तिथे मान्सून कमकुवत झाला की धूळ आणि क्लोराइड दोन्ही वाढतात. २००० साली त्यांनी जे निष्कर्ष छापले त्यात गेल्या हजार वर्षांतला सगळ्यात तीव्र दुष्काळ १७९० ते १७९६ चा निघाला. दख्खन, हैदराबाद, गुजरात, मारवाड या भागांत १७९१-९२ च्या सुमाराला भयंकर दुष्काळ पडून प्रचंड माणसं मेली हे इतिहासातून माहीत होतंच. तोच काळ इतक्या उंचीवरच्या बर्फात कणांच्या संख्येत सापडणं, हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ पुढे काही वाचू शकलो नाही. त्याच कोअरमध्ये विसाव्या शतकात धूळ चौपट झालेली दिसते आणि ती माणसाच्या हालचालींशी जोडली गेली आहे. इथेही हिम कमी पडणं आणि जमीन कोरडी होणं या दोन गोष्टी एकत्रच येतात हे लक्षात ठेवायचं, दुष्काळात दोन्ही एकाच दिशेने ढकलतात म्हणून खूण इतकी ठळक उमटते.

ग्रीनलंडच्या बर्फात तर धूळ डोळ्यांनी दिसते. हिमयुगातल्या बर्फाची कांडी घासून गुळगुळीत केली, काळ्या पार्श्वभूमीवर ठेवली आणि बाजूने उजेड टाकला की स्वच्छ बर्फ काळा दिसतो आणि मध्ये मध्ये दुधट, ढगाळ पट्टे उठून दिसतात. जिथे धूळ जास्त तिथे उजेड विखुरतो म्हणून ते पांढरट दिसतात. आशियातली धुळीची वादळं वसंतात जास्त होतात, त्यामुळे असे पट्टे वर्षं मोजायला उपयोगी पडतात, एनग्रिप कोअरच्या कालगणनेत ते वापरले गेलेत. तिथे हिमयुग आणि आजचा काळ यांच्यातला धुळीचा फरक अंटार्क्टिकापेक्षाही मोठा आहे, कधी कधी शंभरपटीच्या आसपास, आणि हवामान अचानक उबदार झालं की अवघ्या काही दशकांत धूळ कोसळते.

या आशियाई धुळीत कॅल्शियम कार्बोनेट भरपूर असतं, आणि त्याचा एक परिणाम फार लोकांना माहीत नसतो. कार्बोनेट बर्फातल्या आम्लांना मारून टाकतं, म्हणून थंड काळातला ग्रीनलंडचा बर्फ वीज कमी वाहतो, आणि कांडीवरून दोन इलेक्ट्रोड फिरवले तरी थंड-उबदार काळ ओळखता येतात. पण याच प्रक्रियेत कार्बन डायऑक्साइड तयार होतो, बर्फाच्या आतच. त्यामुळे ग्रीनलंडच्या बुडबुड्यांमधला कार्बन डायऑक्साइड भरवशाचा नाही, आणि जगभर जे आलेख दाखवतात ते अंटार्क्टिकाच्या बर्फातले असतात, जिथे धूळ इतकी कमी आहे की हा घोळ होत नाही. बुडबुड्यांवर विश्वास ठेवायचा की नाही हेसुद्धा शेवटी धुळीकडे बघूनच ठरतं.

धूळ नुसती साक्षीदार नाही, ती हवामानात हातही घालते. अंटार्क्टिकाभोवतीच्या समुद्रात नायट्रेट, फॉस्फेट भरपूर आहेत पण लोह फार कमी, त्यामुळे सूक्ष्म वनस्पती वाढायला हव्या तेवढ्या वाढत नाहीत. अमेरिकी समुद्रशास्त्रज्ञ जॉन मार्टिन यांनी १९९० मध्ये मांडलं की हिमयुगातल्या धुळीने या समुद्राला लोह मिळालं, शैवालं वाढली, त्यांनी कार्बन शोषला आणि तो खोल समुद्रात गेला. हिमयुगात हवेतला कार्बन डायऑक्साइड साधारण २८० वरून १८० पीपीएमपर्यंत (हवेच्या दहा लाख भागांमागे इतके भाग) उतरायचा, आणि त्यातला काही हिस्सा या मार्गाने गेला असावा असं आज मानलं जातं. सगळी घट नाही, काही हिस्सा. मार्टिन १९९३ मध्ये गेले, आणि त्याच वर्षी, त्यांच्या पाठोपाठ, समुद्रात लोह टाकून पाहण्याचा पहिला मोठा प्रयोग झाला.

आता एक अडचण, जी गेल्या काही वर्षांत जास्त स्पष्ट झाली. धूळ बर्फात गेली की जशीच्या तशी राहते असं धरून आपण चालतो. डोम सी च्या कोअरमध्ये साधारण २९०० मीटरच्या खाली कण एकमेकांना चिकटून गठ्ठे झालेले सापडतात, कारण एवढ्या खोलीवर बर्फाचे स्फटिक पुन्हा नव्याने, मोठे वाढतात आणि वाढताना कणांना कडेला ढकलतात. तिथे आकार मोजला तर तो प्रवासाबद्दल काहीच सांगत नाही. २०२१ साली अंटार्क्टिकातल्याच टॅलोस डोम कोअरमधल्या खोल बर्फात जॅरोसाइट सापडलं. हे लोह आणि गंधक असलेलं पिवळसर खनिज आम्लाच्या संपर्कात, अगदी कमी पाण्यात तयार होतं, आणि ते वाऱ्याने आलेलं नव्हतं, बर्फाच्या आत धुळीच्या कणांवर आम्लयुक्त थेंबांची क्रिया होऊन तिथेच बनलं होतं. मंगळावर ऑपॉर्च्युनिटी रोव्हरला २००४ मध्ये हेच खनिज दिसलं होतं, म्हणून मंगळाचा अभ्यास करणारेही आता अंटार्क्टिकाच्या खोल बर्फाकडे बघायला लागलेत. धुळीवर काम करणाऱ्यांसाठी मात्र याचा अर्थ असा की खालच्या थरातलं प्रत्येक खनिज आलेलं आहे की इथेच झालेलं, हे आधी तपासावं लागणार.

आणि हे तपासणं लगेचच लागणार आहे. जानेवारी २०२५ मध्ये बियॉन्ड एपिका प्रकल्पाने डोम सी जवळच्या लिटिल डोम सी इथे २८०० मीटर खोल जाऊन तळ गाठला, बर्फ किमान १२ लाख वर्षं जुना. सगळ्यात जुन्या भागात एका मीटरमध्ये १३,००० वर्षांपर्यंतचा काळ दबलेला आहे. साधारण १२ ते ९ लाख वर्षांपूर्वी हिमयुगांचा ताल बदलला, आधी ती दर ४१,००० वर्षांनी येत होती आणि नंतर साधारण १ लाख वर्षांनी यायला लागली, आणि का बदलला यावर अजून एकमत नाही. समुद्राला धुळीतून मिळणारं लोह वाढलं, हे त्याच्या कारणांपैकी एक असू शकतं असं काही जण म्हणतात. उत्तर त्या खोल, दबलेल्या बर्फात असायला हवं, पण तिथली धूळ गठ्ठे झालेली असणार, काही खनिजं बदललेली असणार, म्हणून कण मोजण्यापेक्षा एकूण वजन, स्ट्रॉन्शियम-निओडिमियमचं प्रमाण आणि न विरघळणारी मूलद्रव्यं यांच्यावर जास्त भर द्यावा लागेल, आणि प्रत्येक तुकडा कापताना बाहेरचा बर्फ किती फेकायचा हा निर्णय पूर्वीपेक्षा कितीतरी जड जाणार आहे.